हिरव्या सळईची परीक्षा: मिठाच्या टाकीसाठी एपॉक्सी लेपाचे लोखंड

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझ्या मावसभावाचा लोणच्यांचा छोटा कारखाना आहे. कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरत ठेवण्यासाठी तेथे जमिनीत अर्ध्या गाडलेल्या दोन काँक्रीटच्या टाक्या होत्या आणि बांधल्यापासून अकराव्या वर्षी त्या दोन्ही कामातून गेल्या. आतले अस्तर एका कोपऱ्यात उकलले होते, पण ते बराच काळ कुणाच्या लक्षात आले नाही. पुढे बाहेरच्या भिंतीवर तांबूस ओघळ दिसू लागले, मग नेमकी सळईच्या रेषेत उभी भेग पडली आणि शेवटी हातोडीने ठोकले की भिंत पोकळ वाजू लागली. टाकी फोडली तेव्हा १२ मिलिमीटरची सळई काही ठिकाणी बोरूएवढी बारीक झालेली होती आणि तिच्याभोवती गंजाचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे एकावर एक चढलेले होते.

मी बत्तीस वर्षे बांधकामाच्या साइटवर काढली असल्याने नव्या टाक्यांसाठी "हिरव्या सळया", म्हणजे एपॉक्सीचा हिरवा लेप दिलेल्या सळया, घ्याव्यात का, हा प्रश्न साहजिकच माझ्याकडे आला. घ्याव्यात, असे मी सांगितले, आणि माल येण्यापासून काँक्रीट भरेपर्यंत बहुतेक दिवस तेथे उभा राहिलो. त्या मालाचे आणि त्याबरोबर मिळालेल्या सेवेचे हे परीक्षण आहे. लेप देणाऱ्या कारखान्याचे आणि माल पोहोचवणाऱ्याचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार ज्या गोष्टींबद्दल आहे त्या या व्यवसायात मी इतरत्रही पाहिल्या आहेत.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. नेहमीचीच टीएमटी सळई पोलादी कणांच्या माऱ्याने घासून इतकी स्वच्छ करतात की तिच्यावर मिलस्केलचा, म्हणजे गरम लाटताना बसलेला, काळा थर राहत नाही आणि पृष्ठभागाला बारीक खरखरीतपणा येतो. मग ती सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर विद्युतभारित एपॉक्सीची कोरडी भुकटी फवारतात. भुकटी गरम लोखंडावर वितळते, पसरते, काही सेकंदांत रासायनिकदृष्ट्या पक्की होते आणि सळई पुढे पाण्याच्या फवाऱ्याखाली थंड होऊन बाहेर पडते. त्यामुळे या लेपाला रंग म्हणणे चुकीचे आहे. रंग वाळतो, हा लेप लोखंडावरच शिजतो. एवढ्या तापमानाने टीएमटीच्या ताकदीला धक्का लागत नाही, ही शंका मावसभावाने दोनदा विचारली म्हणून येथे नोंदवतो.

लेपाची गरज का पडते, हेही थोडक्यात सांगायला हवे. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी भोसकते. तेथून गंज सुरू होतो, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते आणि त्या फुगवट्याने काँक्रीट आतून फुटते. एपॉक्सीचे काम एवढेच की क्लोराइड, पाणी आणि प्राणवायू यांना लोखंडापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. म्हणजे हा पूर्णपणे अडसराचा उपाय आहे. जस्ताचा लेप स्वतः झिजून शेजारचे उघडे पडलेले लोखंडही काही काळ वाचवतो, तसा गुण एपॉक्सीत नाही. जेथे लेप नाही तेथे संरक्षण नाही, आणि या वस्तूचे सगळे भवितव्य या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे या सळयांसाठी आयएस १३६२० हे १९९३ चे मानक आहे आणि मूळ सळईने अर्थातच आयएस १७८६ ची कसोटी उतरायची असते. अमेरिकेतील एएसटीएम ए ७७५ हे मानक १९८१ पासून आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास फरक ध्यानात येतो. भारतीय मानक लेपाच्या जाडीची किमान ९० टक्के मापे ०.१ ते ०.३ मिलिमीटर यांच्यामध्ये मागते, म्हणजे खालची मर्यादा १०० मायक्रॉन. अमेरिकी मानकाची खालची मर्यादा १७५ मायक्रॉन आहे. हा फरक किरकोळ वाटेल, पण सळईला कडा असतात, फासळ्या असतात, आणि वितळलेली भुकटी फासळीच्या माथ्यावरून सरकून तिच्या बुंध्याशी साचते. सरासरी जाडी जेमतेम असेल तर माथ्यावर नावालाच लेप उरतो आणि नेमका माथाच वाहतुकीत घासला जातो. म्हणून मागणीपत्रात आम्ही "आयएस १३६२० प्रमाणे, परंतु जाडी १७५ मायक्रॉनपेक्षा कमी नको" असे लिहून घेतले. कारखान्याने ते कुरकुर न करता मान्य केले आणि, सांगायला आनंद वाटतो, पाळलेही.

माल मिळवणे मात्र सोपे नव्हते. दोन टाक्यांना मिळून सुमारे दोन टन लोखंड लागणार होते आणि एवढ्याशा मालासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. शेवटी एका पुलाच्या कंत्राटदाराच्या मोठ्या मालाबरोबर आमची १० आणि १२ मिलिमीटरची सळई लेपून मिळाली, आणि त्यासाठी पाच आठवडे थांबावे लागले. कोटिंग आणि वाहतूक मिळून लोखंडाच्या किमतीवर साधारण चौथा हिस्सा जास्तीचा खर्च आला. घरगुती कामासाठी शंभर-दोनशे किलो हवे असणाऱ्याने ही अडचण आधीच धरून चालावे.

ट्रक आला तो दिवस मला नीट आठवतो. सळयांचे गठ्ठे नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधलेले होते आणि त्यांच्यामध्ये लाकडी फळ्या होत्या. येथपर्यंत कारखान्याचे काम नेटके होते. परंतु ट्रकवाल्याने वाटेत माल सरकू नये म्हणून सगळ्यावरून एक लोखंडी साखळी आवळली होती. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात त्या साखळीने वरच्या थरातल्या जवळजवळ प्रत्येक सळईवर एकाच रेषेत लेप खरवडून काढला होता. उतरवताना मजुरांनी सवयीप्रमाणे सळईचे एक टोक खांद्यावर घेतले आणि दुसरे जमिनीवरून फरफटत आणले. मी ओरडेपर्यंत दहाबारा सळया तशा आल्या होत्या आणि त्यांच्या शेपटाकडे चकचकीत लोखंड दिसत होते.

मग तपासणी सुरू केली. जाडी मोजण्याचे चुंबकीय यंत्र मी ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागून आणले होते. ते दोन फासळ्यांच्या मधल्या सपाट जागेवर टेकवायचे असते. फासळीवर टेकवल्यास आकडा फसवा येतो. वीस सळयांवर घेतलेली माझी मापे १८५ ते २५० मायक्रॉनच्या दरम्यान होती. लेप एकसारखा होता, फुगा किंवा ओघळ कोठेही नव्हता आणि चाकूच्या टोकाने तो सहज सुटत नव्हता. एका तुकड्याला योग्य व्यासाच्या साच्याभोवती १८० अंशांत वाकवून पाहिले, तेव्हा बाहेरच्या वळणावर नुसत्या डोळ्यांना एकही चीर दिसली नाही. कारखान्याच्या कामाबद्दल माझे मत म्हणूनच चांगले आहे.

दुसरी परीक्षा सूक्ष्म छिद्रांची. यासाठी ६७.५ व्होल्टचे एक उपकरण असते. त्याची एक तार सळईच्या उघड्या टोकाला लावायची आणि ओला स्पंज लेपावरून हळूहळू फिरवायचा. जेथे डोळ्यांना न दिसणारे भोक असेल तेथे पाणी लोखंडाला भिडते, वर्तुळ पुरे होते आणि शिटी वाजते. या भोकांना कारखान्यात "हॉलिडे" म्हणतात. अमेरिकी मानकानुसार ती मीटरमागे सरासरी तीनपेक्षा जास्त नकोत. गठ्ठ्याच्या आतल्या सळयांमध्ये शिटी क्वचितच वाजली, पण साखळीखालच्या सळयांवर स्पंज फिरवताना ती थांबायलाच तयार नव्हती. मावसभावाचा मुलगा हे सगळे पाहत होता. तो म्हणाला, "काका, ही तर रेल्वेच झाली." त्याचे म्हणणे खरेच होते.

येथे माझी पहिली गंभीर तक्रार नोंदवतो. मालाबरोबर आलेल्या प्रमाणपत्रावर तीन वेगवेगळ्या गठ्ठ्यांच्या जाडीचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे होते आणि "हॉलिडे" या रकान्यात सर्वत्र शून्य लिहिले होते. प्रत्यक्ष माल चांगला असताना असे कागद कशासाठी तयार करायचे, हे मला समजत नाही. मी फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले की आजवर कोणी हे विचारलेच नव्हते. कोणी विचारत नाही म्हणून आकडे छापून ठेवायचे, ही सवय उद्या खराब मालालाही तेच प्रमाणपत्र देईल.

साइटवर झालेल्या नुकसानीची मर्यादा ठरलेली आहे. एएसटीएम डी ३९६३ प्रमाणे सळईच्या कोणत्याही ०.३ मीटर लांबीत लेपाचे नुकसान पृष्ठभागाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. हे टक्के मजुराला सांगून काही उपयोग नसतो, म्हणून मी हिशेब करून ठेवला होता. १२ मिलिमीटर सळईच्या एका फुटाचे क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस मिलिमीटर भरते आणि त्याचे दोन टक्के म्हणजे २२६, म्हणजे अंदाजे १५ मिलिमीटरचा चौकोन. अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठा. एका फुटात सगळे ओरखडे मिळून एवढ्यापेक्षा जास्त जागा उघडी दिसली की ती सळई बाजूला, असा नियम केला आणि खडूने खुणा केल्या. एकोणीस सळया बाजूला निघाल्या. कारखान्याने त्या बदलून द्यायला नकार दिला, कारण साखळी ट्रकवाल्याची. ट्रकवाल्याने हात वर केले, कारण असे काही जपायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते आणि भुर्दंड आमच्या माथी आला.

बाकीच्या ओरखड्यांसाठी दोन डब्यांचे मिश्रण करून लावायचे दुरुस्तीचे एपॉक्सी मालाबरोबर येते. ते लावण्यापूर्वी उघडी जागा वायरब्रशने घासून कोरडी करावी लागते आणि सुट्या झालेल्या लेपाच्या कडा काढून टाकाव्या लागतात. आमचा बारबेंडर दाहोदकडचा, हाताने अतिशय तरबेज, पण पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "साहेब, कलर पछी मारी दईशुं." रंग नंतर मारून टाकू, असे त्याचे म्हणणे होते, आणि नंतर म्हणजे जाळी पूर्ण बांधून झाल्यावर. तेव्हा भिंतीच्या दोन जाळ्यांमध्ये ब्रश धरलेला हात जाणार कसा? मी त्याला खाली बसवून एक सळई त्याच्यासमोर ओल्या स्पंजाने तपासली. शिटी वाजली तशी त्याला गंमत वाटली आणि त्यानंतर त्यानेच आपल्या दोन पोरांना ब्रश देऊन सळई वाकवण्याच्या जागेशेजारी बसवले. मे महिना होता आणि बडोद्याच्या उन्हात ते मिश्रण वीस-पंचवीस मिनिटांत मधासारखे घट्ट होऊन जाई. म्हणून एका वेळी वाटीभरच कालवायचे, असे ठरले. कापलेल्या प्रत्येक टोकालाही हाच लेप लावावा लागतो आणि टोकांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा फार मोठी असते.

सळई वाकवण्याच्या पाटावरच्या पोलादी खुंट्या हा लेपाचा दुसरा शत्रू आहे. मोठ्या कामांवर नायलॉनचे रोलर असतात. आम्ही खुंट्यांवर जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे चढवले आणि ते रोज बदलले. नेहमीची काळी बांधणीची तार येथे चालत नाही, कारण ती पिळताना लेपात रुतते. प्लास्टिकचे वेष्टण असलेली तार शहरात तीन दुकानांत मिळाली नाही. चौथ्या दुकानात एक धूळ खात पडलेले बंडल होते. व्हायब्रेटरच्या सुईवर रबराची टोपी चढवली आणि जाळीवरून चालण्यासाठी फळ्या टाकल्या. माल आठ आठवडे साइटवर राहणार होता, म्हणून तो सुरुवातीपासून काळ्या ताडपत्रीखाली, जमिनीपासून उंच लाकडी ओंडक्यांवर ठेवला. उन्हातील अतिनील किरणांनी एपॉक्सी फिका पडतो आणि ठिसूळ होतो. म्हणून दोन महिन्यांहून अधिक काळ उघड्यावर राहणारा माल झाकून ठेवण्याची शिफारस आहे.

आता जो मुद्दा विक्रेता कधीच काढत नाही तो. लेपामुळे सळई गुळगुळीत होते आणि काँक्रीटची तिच्यावरची पकड कमी होते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकात दुरुस्तीद्वारे अशी तरतूद केलेली आहे की एपॉक्सी लेपाच्या सळईसाठी बंध-प्रतिबल (हिशेबात धरायची पकड) नेहमीच्या ८० टक्केच धरावे. एम ३० दर्जाचे काँक्रीट आणि एफई ५०० दर्जाचे लोखंड घेतल्यास साध्या, म्हणजे बिनलेपाच्या, सळईला ताणात व्यासाच्या सुमारे ४५ पट रुजवण, म्हणजे काँक्रीटमध्ये पुरायची लांबी, लागते. लेपाच्या सळईला तीच ५७ पट होते. १२ मिलिमीटरसाठी हे ५४५ वरून ६८० मिलिमीटरवर जाते. अमेरिकेची काँक्रीट संहिता एसीआय ३१८ तर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किंवा सळयांमधले अंतर कमी असेल तेथे ही लांबी दीडपट करायला सांगते. आमच्याकडे आलेला नकाशा साध्या सळईचाच होता. वर फक्त "एपॉक्सी कोटेड" असे शिक्क्याने उमटवले होते. म्हणजे दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला प्रत्येक जोड हवा त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने आखूड राहिला असता. आम्ही सगळे जोड नव्याने काढले आणि त्यामुळे लोखंडही थोडे वाढले. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरले जात नाही.

पकड कमी म्हणजे भेगाही संख्येने कमी पण अधिक रुंद पडतात. पाणी धरणाऱ्या बांधकामात आयएस ३३७० भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरवर अडवते, त्यामुळे टाकीच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. त्यावर उपाय सरळ आहे: जाड सळया दूर दूर टाकण्याऐवजी बारीक सळया जवळ जवळ टाकाव्यात. १६ मिलिमीटरची सळई आम्ही वापरलीच नाही.

टिकाऊपणाबद्दल जे दावे होतात ते तपासायचे तर इतिहासाकडे पाहावे लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात वेस्ट कॉन्शोहॉकन येथे स्कुलकिल नदीवरच्या पुलाच्या स्लॅबमध्ये १९७३ साली ही सळई प्रथम वापरली गेली. थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पुलाच्या स्लॅबमध्ये मुरते, हा त्यांचा प्रश्न होता. तेथील अनेक स्लॅबमध्ये या सळयांनी साध्या सळईपेक्षा पुष्कळ चांगले काम केले. परंतु फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांना जोडणाऱ्या पुलांची कथा वेगळी झाली. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या सेव्हन माइल ब्रिजच्या आणि शेजारच्या लाँग की पुलाच्या खांबांमध्ये, जेथे समुद्राचे पाणी सतत उडत असते त्या पट्ट्यात, १९८६ पासून गंज आढळू लागला. चार-पाच वर्षांत! पुढे त्या राज्याच्या परिवहन विभागाने नव्या पुलांसाठी ही सळई वापरणे बंद केले.

दोन्ही ठिकाणचा माल एकाच जातीचा, मग फरक कशाने पडला? फ्लोरिडात हवा वर्षभर उष्ण आणि दमट, काँक्रीट कधी धड वाळतच नव्हते, आणि काँक्रीट भरण्यापूर्वीच सळयांचा लेप वाकवताना व हाताळताना दुखावला होता. सतत ओल्या राहणाऱ्या काँक्रीटमध्ये एपॉक्सीची लोखंडावरची पकड हळूहळू सैल होते. मग एका ओरखड्यातून शिरलेले खारे पाणी लेपाखालून सरकत जाते आणि वरून अखंड दिसणाऱ्या हिरव्या सालीखाली लोखंड काळे पडत जाते. अर्धे लोखंड लेपाचे आणि अर्धे साधे टाकण्याची काटकसर तर आणखी घातक ठरते, कारण दोन्ही कोठे ना कोठे एकमेकांना टेकतात, लेपाच्या सळईवरचा छोटासा ओरखडा धनाग्र (गंजणारी बाजू) होतो, शेजारचे सगळे उघडे लोखंड ऋणाग्र (न गंजणारी बाजू) होते आणि गंज त्या एका बिंदूवर एकवटून सळई खोलवर पोखरतो. आमच्या कंत्राटदारानेही बाहेरची जाळी साध्या सळईची करण्याचा प्रस्ताव मांडला होता. मी तो मान्य केला नाही.

वडोदरे समुद्रकाठी नाही, पण उष्णतेत कमी नाही आणि आमच्या टाकीत तर मिठाचे पाणी वर्षभर उभे असते. म्हणजे आमची परिस्थिती पेनसिल्व्हेनियापेक्षा फ्लोरिडाच्या अधिक जवळची आहे. स्वतःच्या समाधानासाठी मी लेपाच्या सळईचे दोन तुकडे, टोके दुरुस्तीच्या एपॉक्सीने बंद करून, कारखान्यातल्याच मिठाच्या पाण्यात बादलीत ठेवले. एकाचा लेप अखंड होता, दुसऱ्यावर ब्लेडने एक इंचाची चीर दिली होती. चौदा महिन्यांनी काढले तेव्हा अखंड तुकडा धुऊन पुसल्यावर नव्यासारखा होता. दुसऱ्या तुकड्याच्या चिरेशी तांबड्या गाठी आल्या होत्या आणि नखाने उचलल्यावर चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटरपर्यंत लेप साल निघावी तसा निघाला. बादलीत काँक्रीटचा अल्कधर्मी आधार नसतो, त्यामुळे या प्रयोगाला प्रयोगशाळेचे वजन नाही, हे कबूल आहे. तरी आमच्या बारबेंडरला ते दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवले तेव्हा मला वेगळे काही बोलावे लागले नाही.

पर्यायांचा विचार आम्ही केला होता. जस्त चढवलेल्या सळयांसाठी आयएस १२५९४ आहे. हाताळणीत त्या पुष्कळ सोशीक असतात, पण इतक्या मिठापुढे जस्ताची पुंजी लवकर संपेल असे मला वाटले. कारईकुडीच्या केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेने विकसित केलेला सिमेंट-पॉलिमरचा लेप साइटजवळच देता येतो आणि त्याची काँक्रीटशी पकडही चांगली असते, मात्र तो देणाऱ्याच्या हातावर सगळे अवलंबून असते. स्टेनलेस सळई निःसंशय सर्वांत टिकाऊ, पण तिचा भाव ऐकून मावसभावाने चहा मागवला आणि विषय बदलला.

डांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांपैकी दोघांनी हे काम पाहून आपल्या नव्या घरासाठीही हिरवी सळई घ्यावी का, असे विचारले. दोघांनाही मी नको म्हटले. शहरातल्या साध्या घराला मिठाचा धोका फारसा नसतो. तेथे सळई गंजते ती बहुधा कव्हर नसल्यामुळे, मिश्रणात जास्त पाणी ओतल्यामुळे आणि स्लॅबवर पाणी पुरेसे दिवस न मारल्यामुळे. मध्यम परिस्थितीसाठी आयएस ४५६ मध्ये ३० मिलिमीटर कव्हर सांगितले आहे आणि प्रत्यक्षात सळया सेंटरिंगच्या फळीला टेकलेल्या मी असंख्य वेळा पाहिल्या आहेत. एका सळईमागे लेपाला जो पैसा जातो, त्याच्या अंशात चांगले कव्हर ब्लॉक येतात. बोअरचे पाणी काँक्रीटसाठी वापरायचे असेल तर ते आधी तपासून घ्यावे. लोखंडाच्या काँक्रीटसाठी त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही.

आमच्या टाकीतही लेपाच्या भरवशावर बाकी काही सोडले नाही. काँक्रीट एम ३५, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आसपास, सिमेंट स्लॅगचे, कव्हर ५० मिलिमीटर आणि आतून नवे अस्तर. मिठाला सळईपर्यंत पोहोचायला जो वेळ लागेल तो मुख्यतः या काँक्रीटमुळे लागेल आणि लेपाची पाळी त्यानंतर येईल, असे माझे मत आहे. म्हणून या वस्तूला मी कारखान्याच्या दर्जासाठी पाचपैकी चार गुण देतो, कागदपत्रांसाठी एक आणि पोहोचवण्याच्या सेवेसाठी शून्य. ज्याच्या कामावर क्लोराइड खरोखर पोहोचणार आहे आणि ज्याच्याकडे सगळे दिवस उभे राहणारा माणूस आहे, त्याने ती घ्यावी. असा माणूस नसेल तर तेवढाच पैसा काँक्रीटमध्ये घालावा.

एक अडचण मात्र काम संपल्यावर लक्षात आली. जुन्या बांधकामात सळई गंजते आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण अर्धघट पद्धतीने विद्युत विभव मोजतो, पण त्यासाठी सळया एकमेकींशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असाव्या लागतात. लेपामुळे प्रत्येक सळई वेगळी पडते आणि ते आकडे भरवशाचे राहत नाहीत. त्यामुळे दर फाल्गुनात, नव्या कैऱ्या येण्यापूर्वी टाकी रिकामी होते तेव्हा, मावसभाव आणि मी आत उतरून अस्तराचे कोपरे हाताने चाचपतो आणि बाहेरच्या भिंतीवर हातोडीने ठोकत एक फेरी मारतो. दोन फाल्गुन झाले, भिंत सगळीकडे ठणठणीत वाजते.